जीपच्या टपाची कुरकुर

आमच्या धायरी फाट्यावरून सिंहगडाकडे जाणारी एखादी कापडी टपाची जुनी जीप अजूनही दिसते. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. 1940च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली. टप मात्र घोडागाडीच्याच वंशातला: कमानी, सांधे, वर कापड. म्हणून कुरकुरही जुनीच!

आता आवाज मागून आल्यासारखा वाटतो, आणि दोष निघतो पुढे. अशा वेळी न्यायदर्शनातला अन्वय-व्यतिरेक कामी येतो: कारण असेल तर कार्य असतं, नसेल तर नसतं. मिलनेही 1843मध्ये तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात याच जातीच्या पद्धती मांडल्या. टप उतरवून त्याच खडबडीत रस्त्यावर फिरा. आवाज थांबला, तर कारण टपात. मग टप चढवून, गाडी उभी असताना कोणाला तरी ती हलवायला सांगा आणि एकेक सांधा हाताने दाबून धरा. सापडला की धूळ पुसा, तेलाचा एकच थेंब सोडा. रबरी पट्टीला मात्र सिलिकॉन ग्रीसच. खनिज तेलाने रबर फुगू शकतं.

आम्ही एकदा घाईने सगळीकडे तेल ओतलं. कुरकुर आठवडाभर गप्प बसली, रबर मात्र कायमचं गेलं. कारण न शोधता तोंड बंद केलं, की असंच होतं.