चूक सापडली की चोर सापडतो का?

आमच्या शाळेत एक गुरुजी होते. पेपर तपासताना ते बरोबर उत्तरांकडे फारसे पाहत नसत. शेजारी बसलेल्या दोन मुलांची उत्तरे बरोबर आली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, दोघांनीही अभ्यास केला असेल. पण दोघांनी एकच चूक केली, तीही कुणाला सहज सुचणार नाही अशी, तर एकाने दुसऱ्याच्या पेपरात डोकावले हे नक्की. गुरुजींचे हे साधे शास्त्र पुढे जगातल्या दोन सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या भांडणात वापरले गेले. त्या भांडणाचा इतिहास वाचताना मला मात्र सारखी आपल्या झाडीपट्टीतल्या धानाची आठवण येत राहिली. ती का, ते शेवटी सांगतो.

१ फेब्रुवारी २०११ रोजी गूगलने जाहीर आरोप केला की मायक्रोसॉफ्टचे ‘बिंग’ हे सर्च इंजिन आमचे निकाल पाहून आपले निकाल लावते. आरोप मांडणारे गूगलचे प्रमुख अभियंते अमित सिंघल हे आपल्याच झाशीचे. संशयाची सुरुवात २०१०च्या उन्हाळ्यात झाली होती. डोळ्यांच्या पापण्या अंशतः शिवून टाकण्याची एक शस्त्रक्रिया असते, टार्सोरॅफी. कुणीतरी तिचे नाव चुकीच्या स्पेलिंगने शोधले. गूगलने स्पेलिंग सुधारून योग्य पान दाखवले. काही काळाने बिंगही त्याच चुकीच्या शब्दावर तेच पान दाखवू लागले, पण स्पेलिंग सुधारल्याची कुठलीही खूण तिथे नव्हती. गणित बरोबर, पण पायऱ्या गायब!

मग गूगलने सापळा रचला. कुणी कधीही शोधणार नाही असे सुमारे १०० निरर्थक शब्द तयार केले आणि प्रत्येकापुढे त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेले एक पान हाताने बसवले. ‘एच-आय-वाय-बी-बी-पी-आर-क्यू-ए-जी’ असा एक शब्द होता. तो शोधला की लॉस एंजेलिसच्या एका नाट्यगृहातली बैठकव्यवस्था दिसे. दुसऱ्या एका शब्दाची सुरुवात चक्क ‘दिल्ली पब्लिक स्कूल’ अशी होती आणि निकाल होता अमेरिकेतल्या एका पतसंस्थेचा. २० अभियंत्यांना नवे लॅपटॉप दिले. त्यांवर मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर आणि बिंगचा टूलबार होता. घरी बसून हे शब्द गूगलवर शोधा आणि येणाऱ्या पानावर क्लिक करा, एवढेच काम. १७ डिसेंबर २०१० रोजी हे सुरू झाले. दोनेक आठवड्यांत बिंगवर तेच शब्द टाकले की तीच असंबद्ध पाने येऊ लागली. सगळ्या शब्दांवर नाही. १००पैकी ७ ते ९ शब्दांवर.

हे कसे घडले? बिंग थेट गूगलच्या पानावरून निकाल उतरवून घेत होते असे नाही. टूलबार घेताना वापरणाऱ्याने संमती दिलेली असे की माझ्या वावराची माहिती मायक्रोसॉफ्टला जाऊ द्या. माणूस कुठला शब्द टाकतो आणि मग कुठल्या पानावर जातो, हे त्या माहितीतून कळे. तो शब्द गूगलवर टाकलेला असला तरीही. मायक्रोसॉफ्टचे हॅरी शम यांचे उत्तर याच मुद्द्यावर उभे होते. आम्ही हजाराहून अधिक खुणा पाहून निकाल लावतो, लोकांचे क्लिक ही त्यातली एक खूण. तुम्ही असे शब्द निवडले की जिथे दुसरी कुठलीच खूण नव्हती, म्हणून ती एकच खूण उठून दिसली. वर मायक्रोसॉफ्टने असेही म्हटले की हा सापळा म्हणजे आमच्या यंत्रणेला मुद्दाम खोटी माहिती चारण्याचा प्रकार आहे.

हा वाद कोर्टात गेला नाही. पण खोटी नोंद पेरून नक्कल पकडण्याची युक्ती काही गूगलने शोधलेली नव्हती. नकाशे काढणारे पूर्वीपासून नकाशात अस्तित्वात नसलेले गाव घालत आले. न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात १९३०च्या दशकात घातलेले ‘ॲग्लो’ हे असेच गाव. शब्दकोशवाले खोटा शब्द घालत, टेलिफोन डिरेक्टरीवाले खोटा ग्राहक.

यातला टेलिफोन डिरेक्टरीचा खटला फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात रूरल नावाची टेलिफोन कंपनी होती. फाइस्ट या प्रकाशकाने तिच्या ग्राहकांची यादी परवानगी न देताही आपल्या मोठ्या डिरेक्टरीत घेतली. १,३०९ नोंदी जशाच्या तशा निघाल्या आणि त्यांत रूरलने पेरलेली ४ खोटी नावेही होती. गुरुजींच्या शास्त्राप्रमाणे निकाल उघड होता. तरीही मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फाइस्टच्या बाजूने निकाल दिला. नक्कल झाली हे मान्य, पण नाव, गाव आणि नंबर अकारविल्हे लावण्यात स्वतःची निर्मिती काय? माहितीवर मालकी नसते, मांडणीतल्या कल्पकतेवर असते.

म्हणजे एकच चूक दोघांकडे सापडली की नक्कल सिद्ध होते. ती नक्कल अन्याय आहे की नाही, हे मात्र त्या चुकीवरून कळत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण नेहमी त्यांची गल्लत करतो.

आता दुसरी बाजू पाहा. बिंगकडे बोट दाखवणारे गूगल चार वर्षे आधी स्वतः त्याच बाकावर बसलेले होते. एप्रिल २००७ मध्ये गूगलने चिनी भाषेत टंकन करण्याचे साधन आणले. काही दिवसांतच सोहू या चिनी कंपनीने आरोप केला की यातला शब्दसंग्रह आमच्या ‘सोगोऊ’वरून उचलला आहे. पुरावा काय? एका प्रसिद्ध विनोदी नटाच्या नावाबाबत सोगोऊत जी चूक होती, तीच गूगलमध्ये होती. त्याहून मजेची गोष्ट, सोहूच्या अभियंत्यांची नावेही गूगलच्या शब्दसंग्रहात निघाली. गूगलला चूक मान्य करून माफी मागावी लागली. २०१९ मध्ये गाण्यांचे बोल देणाऱ्या ‘जीनियस’ या संकेतस्थळाने असाच आरोप केला. त्यांनी बोलांमध्ये दोन प्रकारची अपॉस्ट्रॉफी चिन्हे अशा क्रमाने पेरली होती की मोर्स लिपीत वाचले तर ‘रंगेहाथ’ या अर्थाचा इंग्रजी शब्द निघावा. तेच क्रम गूगलवर दिसले. पण जीनियसचा दावा अमेरिकेच्या न्यायालयांत टिकला नाही. गाण्यांचे बोल जीनियसचे नव्हतेच, ते गीतकारांचे होते.

आपल्याकडेही हे घडले आहे. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली जस्टडायल ही सेवा म्हणजे दुकाने, डॉक्टर, प्लंबर शोधून देणारे देशी सर्च इंजिनच. २०१० साली तिने इन्फोमीडिया १८ या कंपनीवर आरोप केला की ‘आस्कमी’साठी आमचा माहितीसाठा उचलला. दावा दिल्ली उच्च न्यायालयात गेला. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय माहितीसाठ्यालाही संरक्षण आहे. पण डिसेंबर २००७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या पुस्तकांच्या एका खटल्यात सांगून ठेवले आहे की नुसत्या मेहनतीवर हक्क सांगता येत नाही, थोडी तरी निर्मिती हवी. इथेही एक प्रश्न उरतोच. दुकानाचे नाव, पत्ता, फोन नंबर हे मुळात कुणाचे? ना या कंपनीचे, ना त्या. ते त्या दुकानदाराचे.

आता धानाकडे येतो. गोंदिया जिल्ह्यात धान आणि राईस मिल यांच्याशिवाय बाजारपेठेची कल्पनाच करता येत नाही. बाजारात तांदूळ घ्यायला गेलो की ‘एचएमटी’ हे नाव हमखास कानी पडते. एचएमटी ही तर घड्याळे बनवणारी सरकारी कंपनी! तांदळाला घड्याळाचे नाव कसे?

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे हे तिसरीपर्यंत शिकलेले, जेमतेम दीड एकराचे शेतकरी. १९८३ साली ‘पटेल-३’ या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या. अशी अनेक वर्षे गेली. दाणा बारीक, भात चवदार, उत्पन्नही चांगले. १९९०च्या सुमारास हे धान बाजारात आले तेव्हा त्याला नावच नव्हते. व्यापाऱ्याने त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव देऊन टाकले आणि तेच रूढ झाले.

१९९४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील धान संशोधन केंद्राने खोब्रागडे यांच्याकडून ५ किलो बियाणे नेले. १९९८ मध्ये विद्यापीठाने एक वाण प्रसारित केले. त्याचे नाव ‘पीकेव्ही एचएमटी’. श्रेय खोब्रागडे यांना मिळाले नाही, अशी त्यांची तक्रार होती. विद्यापीठाची बाजू अशी की शेतकऱ्याकडचे बियाणे मिसळीचे होते, आम्ही ते शास्त्रीय पद्धतीने शुद्ध केले, म्हणून हे वाण आमचे. आठवा, हॅरी शम काय म्हणाले होते! तुमची खूण आमच्या हजार खुणांपैकी एक.

इथे कुणी सापळा रचला नव्हता. खोब्रागडे यांच्याकडे ना लॅपटॉप होते, ना २० अभियंते. पण सापळा आपोआप तयार झालेला होता. तो होता ते नाव. कुठला शास्त्रज्ञ आपल्या धानाला घड्याळाचे नाव देईल? एका व्यापाऱ्याने अडचण म्हणून ठेवलेले नाव विद्यापीठाच्या वाणातही जसेच्या तसे राहिले आणि बियाणे कुठून आले ते सांगत राहिले.

यावर कुणी विचारील, खोब्रागडे यांनी तरी ‘पटेल-३’ कुठून आणले? तो वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठातल्या डॉ. जे. पी. पटेल यांचा. प्रश्न रास्त आहे. शून्यातून कुणीच काही काढत नाही. धान धानातून निघते, शब्दकोश शब्दकोशातून, सर्च इंजिन लोकांच्या शोधातून. फरक एवढाच की आपले धान ‘पटेल-३’च्या बांधीत सापडले ही गोष्ट खोब्रागडे यांच्या कहाणीत कायम राहिली. घेणे हा दोष नाही. घेतल्यावर देणाऱ्याचे नाव पुसणे हा दोष आहे. २००१ साली आपल्या संसदेने पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षणाचा कायदा केला. त्यात शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणाची त्याच्या नावावर नोंद करण्याची सोय झाली. पण तोवर ‘पीकेव्ही एचएमटी’ येऊन तीन वर्षे झाली होती.

आता पुन्हा २०११कडे वळू. गूगल म्हणाले निकाल आमचे. मायक्रोसॉफ्ट म्हणाले क्लिक आमच्या ग्राहकांचे. दोघांपैकी कुणीही एक गोष्ट बोलले नाही. गूगलला कुठले पान चांगले हे कळते, त्यातही लोकांनी एकमेकांच्या पानांना दिलेल्या दुव्यांचा आणि लोकांच्या वापराचा मोठा वाटा आहे. बिंगला जे कळत होते तेही लोकांकडूनच. कोट्यवधी माणसे रोज शोधतात, चुकतात, परत येतात, दुसरे पान उघडतात. ती सगळी निवड म्हणजे बांधीतून वेगळी लोंबी काढून ठेवण्यासारखीच मेहनत आहे. भांडण दोन राईस मिलवाल्यांचे होते, पीक कुणी काढले हा विषयच निघाला नाही.

आज यंत्रे माणसांसारखी लिहू लागली आहेत आणि कुणी कुणाचे वाचून शिकले यावर नवे खटले उभे राहत आहेत. तिथेही सापळे लावले जातील, चुका पकडल्या जातील. ते व्हायला हवेच. पण दोन मोठ्यांपैकी कोण खरा, एवढेच विचारून आपण थांबलो तर तिसऱ्याचा हक्क पुन्हा राहून जाईल.

दादाजी खोब्रागडे ३ जून २०१८ रोजी गेले. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला होता, २०१० साली फोर्ब्सच्या यादीत त्यांचे नाव आले होते. त्यांनी पुढे काढलेल्या एका वाणाचे नाव ‘डीआरके’. दादाजी रामाजी खोब्रागडे. एकदा धडा शिकल्यावर त्यांनी नाव ठेवण्याचे काम व्यापाऱ्यावर सोडले नाही.