पुढचे घरी वाचून या

आमच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचे एक प्रकरण होते. अख्ख्या पुस्तकात मळलेली पाने तेवढीच. गुरुजींनी बेडकाची पचनसंस्था पंधरा दिवस चवीने शिकवली, मग हातावरचा खडू झटकला आणि म्हणाले, "पुढचं घरी वाचून या." घरी विचारले, तर वडील वर्तमानपत्राआडून म्हणाले, "शाळेत विचार." अखेर ते प्रकरण मला दोनदा नापास झालेल्या एका मित्राने समजावले. त्या विषयातले त्याचे ज्ञान भूगोलाइतकेच पक्के होते.

एकदा ताई अचानक कोपऱ्यात बसली. "काय झालं?" म्हटले, तर आई म्हणाली, "कावळा शिवला." पुढे दोन वर्षे मी चंद्रपूरच्या तमाम कावळ्यांवर दगड मारून ताईचा सूड उगवला.

वडिलांना तरी दोष कसा द्यावा? रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली खुद्द डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी खटला हरलाच. म्हणजे प्रश्न विचारणारे सुटले, उत्तर देणारा सापडला! वडिलांनी वर्तमानपत्राआड जाणे पसंत केले, ते उगाच नाही.

शहरी माणसाला वाटते, जंगलात सगळा मोकळा कारभार असेल. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तो न वाचताच आमच्याकडचे लोक भामरागडविषयी डोळे मिचकावून बोलत. पण त्याच मुलुखात पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या कुर्माघरात राहायचे, ही रीत. आमच्याकडे कोपरा, तिकडे झोपडी. फरक काय तो क्षेत्रफळाचा!

या गप्प बसण्याची किंमत मोजली ती गडचिरोलीत. जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे आले, 'सर्च' संस्था उभी राहिली. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग. याआधी तपासणी आणि उपचार झाले होते फक्त ८ टक्क्यांचे. बाकीच्या निमूटपणे सोसत होत्या. पुढे राणीताई मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' शिबिरे घेऊ लागल्या. आमचे गुरुजी जिथे थांबले, तिथून पुढचा धडा त्यांनी सुरू केला.

माझी मुलगी तेरा वर्षांची झाली तेव्हा तसल्याच एका शिबिराला जाऊन आली. बापाचे कर्तव्य म्हणून मी घसा खाकरला, चष्मा पुसला, पुन्हा खाकरला. "बेटा, ते कावळ्याचं..."

"बाबा, कावळ्याचा काही संबंध नाही," ती म्हणाली आणि वहीत चित्र काढून मला समजावू लागली. चाळिशीत माझे ते प्रकरण पूर्ण झाले.

मग ती आजीकडे वळली. "आजी, तू नेहमी कंबर धरून चालतेस. अंगावरून पांढरं जातं का गं?"

मी वर्तमानपत्र शोधू लागलो. आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "वीस वर्षं झाली."

"कोणाला सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलं का मले?"

दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले. औषधाने महिन्याभरात बरे वाटले. वीस वर्षांचे दुखणे, आणि मी पोटचा पोर. पण मला ठाऊक नव्हते. मी तेवढी वर्षे कावळ्यांच्या मागे होतो.

परवा खिडकीत एक कावळा येऊन बसला. मी त्याला अर्धी पोळी घातली. मागची बाकी पुष्कळ आहे.