थंड पाणी आणि मोटारबोट

पौषातल्या पहाटे नांदेडच्या गोदाकाठावर धुके उतरते, तेव्हा घाटावर उभा असलेला माणूस शाल आवळून घेतो. चालत्या होडीत बसलेल्याला त्याहून अधिक गारठा सोसावा लागतो. वारा समोरून अंगावर येतो व पाण्याचे तुषार वस्त्रे भिजवितात. पाण्यावरचे भय म्हणजे बुडण्याचे भय, अशी सर्वसाधारण समजूत असते. थंडी हीही तितकीच घातक वैरीण आहे, हा धडा मनुष्यजातीला फार मोठे मोल देऊन शिकावा लागला.

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे ‘टायटॅनिक’ बुडाली आणि सुमारे पंधराशे माणसे दगावली. त्यांपैकी अनेकांच्या अंगावर बुचाचे पट्टे होते. ती तरंगत राहिली. परंतु समुद्राचे पाणी शून्याखाली दोन अंशांपर्यंत थंड असल्याने गारठ्यानेच त्यांचे प्राण घेतले.

त्यानंतर दोनच वर्षांनी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ‘रोहिला’ या जहाजाचा प्रसंग घडला. निजामी अमलात शिपाईगिरी व सावकारी करणाऱ्या रोहिल्यांमुळे हे नाव मराठवाड्याला परके नाही. जहाज ब्रिटिश इंडिया कंपनीचे होते व महायुद्धात त्याचे रुग्णालय झाले होते. ३० ऑक्टोबर १९१४ रोजी व्हिटबीजवळ ते खडकावर आदळले. त्यावर २२९ माणसे होती. किनारा अर्ध्या मैलाच्या आत. तथापि पोहून जाऊ पाहणाऱ्या कित्येकांचा लाटांतच अंत झाला. वल्ह्यांच्या होडीने दोन फेऱ्यांत ३५ जणांना काढले आणि ती खडकांनी निकामी झाली. पहिल्या फेरीत सुटलेल्या मेरी रॉबर्ट्स या ‘टायटॅनिक’मधूनही वाचल्या होत्या.

अखेर टाइनमाउथहून ‘हेन्री व्हर्नन’ ही मोटारबोट निघाली. युद्धामुळे किनाऱ्यावरचे दिवे मालवलेले होते. रात्रीच्या वादळात सुमारे ४५ मैल कापून ती पोहोचली आणि १ नोव्हेंबरच्या सकाळी लाटांवर तेल ओतून तिने उरलेल्या ५० जणांना उतरविले. गारठ्याने वल्हे धरणाऱ्याची मूठ वळेनाशी होते. यंत्राला थंडी वाजत नाही. परंतु यंत्र म्हणजे सर्वस्व नव्हे. मदतीस निघालेली टीसमाउथची दुसरी मोटारबोट गळू लागल्याने तिला वाटेतूनच परतावे लागले होते.

पुढे शास्त्रज्ञांनी या मृत्यूंचे कारण शोधले. सारख्याच तापमानाच्या स्थिर हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने हिरावून घेते. अतिथंड पाण्यात पडताच धाप लागते. पहिल्या मिनिटात श्वास सावरला नाही, तर पाणी छातीत जाते. दहा-पंधरा मिनिटांत हातपाय काम देईनासे होतात. म्हणून जीवरक्षक जाकीट होडीत बसण्यापूर्वीच अंगावर असावे. सुती वस्त्र भिजले की ऊब देत नाही. लोकर बरीच ऊब राखते. डोके व कान झाकलेले असावेत. गारठलेल्याला मद्य देऊ नये, कारण त्याने कातडीकडे रक्त धावून आतली ऊब बाहेर जाते. ओले कपडे उतरवून कोरडे पांघरूण व शुद्धीवर असल्यास गरम गोड चहा द्यावा. ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत यंत्राचा धूर कोंडू देणे अथवा शेगडी पेटविणे प्राणघातक होय. त्यातील विषारी वायूला ना रंग, ना वास.

गोदेचे पाणी त्या उत्तर समुद्राइतके थंड कधीच होत नाही. परंतु विष्णुपुरीच्या जलाशयातही थंडीत तासन् तास भिजलेला देह हळूहळू निवतोच. पोहणे येणाऱ्यानेही हे विसरू नये.