किल्ले अर्क दप्तर

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील किल्ले अर्कमध्ये एकेकाळी साठवलेले मोगल दक्षिणेचे फार्सी कागद. १९१६ मध्ये ते हैदराबादेस नेण्यात आले आणि आज तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहेत. संख्या सुमारे १,५५,०००. पैकी पाचएक हजार शाहजहानच्या, बाकी औरंगजेबाच्या कारकिर्दीतले. हे दप्तर सरकारी म्हणून ओळखले जाते, ते खरेच आहे. मात्र सतराव्या शतकातील मोगल सरदारांचा व त्यांच्या जहागिरींचा माग काढायचा तर पहिल्यांदा इथेच यावे लागते, वाड्यांतल्या पेट्यांकडे नंतर. इंग्लंडात नेमके उलट आहे. डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याचे कागद चॅट्सवर्थच्या हवेलीतच सापडतात, कारण जमीन पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराची राहिली आणि हिशेब मालकानेच ठेवले. मोगल मनसबदार, म्हणजे दरबारी हुद्द्याचा सरदार, जमिनीचा मालक नव्हता. पगाराऐवजी त्याला काही गावांचा वसूल लावून दिला जाई, तीन-चार वर्षांत बदली होई, नवी जहागीर दुसऱ्याच परगण्यात मिळे. म्हणून इस्टेटीची स्मृती घरात साचली नाही, ती दिवाणाच्या कचेरीत साचली. नेमणुकीची याददाश्त, परवाना, कागदावरची जमा आणि प्रत्यक्ष हाती येणारा हासिल यांतली तफावत, सगळे तिथेच. दक्षिणेत ही तफावत इतकी मोठी असे की जहागिरीचे मोल वर्षाच्या बारा महिन्यांपैकी किती महिन्यांचा वसूल खरोखर हाती येतो, यावर धरले जाई.

मराठवाड्यातल्या घराण्यांकडे स्वतःची दप्तरे आहेतच की, असा आक्षेप येईल. आहेत, पण ती बहुतांशी वतनाची आहेत. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी वंशपरंपरेने चाले आणि हक्कावर वाद झाला की सनद, महजर (निवाडापत्र) पुढे करावे लागत, म्हणून ते जिवापाड जपले गेले. सिंदखेडच्या जाधवरावांच्या घरात दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात: देशमुखी घरची, मनसब दरबाराची. एकाच घराण्याचे कागद दोन ठिकाणी विखुरले, ते या दोन हक्कांच्या वेगळ्या स्वभावामुळे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कचेरीचा कागद मागणी आणि हिशेब नोंदवतो. लग्नकार्य, भाऊबंदकी, मुदपाकखाना त्यात येत नाही. हे मान्य करावेच लागते. पण घरगुती दप्तरही निर्मळ नसते, तेही दावा जिंकण्यासाठीच राखलेले असते. शिवाय कचेरीने जे टिपले ते कोणत्याही सरदाराने स्वतःहून लिहून ठेवले नसते. या दप्तरातल्या ‘अर्ज-ओ-चेहरा’ यादीत पदरच्या शिपायाचे नाव, बापाचे नाव, वर्ण, अंगावरची खूण, त्याच्या घोड्याचा रंग आणि डाग असे सारे येते. सरदाराने कागदावर जास्त स्वार दाखवून पैसे लाटू नयेत म्हणून हा खटाटोप. संशयापोटी का होईना, सामान्य स्वाराची ओळख टिकली. यूसुफ हुसेन खान यांनी संपादित केलेले दोन निवडक खंड (शाहजहान, १९५०, औरंगजेब, १९५८) चाळले तरी एवढे ध्यानात येते. एम. अतहर अली यांचा औरंगजेबकालीन सरदारवर्गाचा अभ्यास (१९६६) उमरावांच्या आठवणींपेक्षा अशाच नोंदींच्या बेरजेवर उभा आहे.

इस्टेटीची स्मृती घरात नव्हे, कचेरीत साचते हे विधान निजामी काळाला तसेच्या तसे लावता येत नाही. १७२४ नंतर जहागिरी हळूहळू व्यवहारात वंशपरंपरागत झाल्या. उदाहरणार्थ, अजिंठा गाव सालारजंग घराण्याच्या जहागिरीत होते. अशा मोठ्या जहागीरदारांच्या स्वतःच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि तिथे परिस्थिती बऱ्याच अंशी इंग्लंडसारखी दिसते. हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या.