मण्यांची माळ आणि किनाऱ्यावरचे कुंपण

१/
१९७८ साली जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर, ओचो रिओस या गावाजवळ, एका जुन्या हॉटेलाने आपले नाव बदलले. नवे नाव होते ‘कपल्स’. अटी दोनच होत्या. येणाऱ्याने जोडीनेच यावे आणि एकदा पैसे भरल्यावर मुक्काम संपेपर्यंत पाकिटाला हात लावू नये. खोली, तीन वेळचे जेवण, मद्य, होडी, टेनिस, सारे एका रकमेत. केवळ जोडप्यांसाठीचे असे हे कॅरिबियनमधले पहिले रिसॉर्ट मानले जाते.

मधुचंद्राच्या जाहिरातींत आज सर्रास दिसणारा हा करार ज्या वर्षी जमैकात रुजला, त्या वर्षी त्याच बेटावर दुकानांपुढे जीवनावश्यक वस्तूंसाठी रांगा होत्या. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध होता. तो समजण्यासाठी आधी थोडे मागे, आणि बरेच थंड समुद्राकडे जावे लागते.

२/
दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमधला कामगार सुटीत समुद्रावर जाई तो साध्या खाणावळवजा घरांत उतरायला. अनेक घरमालकिणींचा दंडक असा की सकाळची न्याहारी झाली की पाहुण्यांनी बाहेर पडावे, संध्याकाळपर्यंत परतू नये. पाऊस पडला तर? तर भिजावे. बायकामुलांसह आडोसा शोधत फिरणारी ही कुटुंबे बिली बटलिन या जत्रा भरवणाऱ्या व्यावसायिकाने पाहिली आणि १९३६ मध्ये स्केग्नेस येथे आपला पहिला ‘हॉलिडे कॅम्प’ उघडला. हंगामानुसार आठवड्याला ३५ शिलिंग ते ३ पौंड. त्यात निवारा, जेवण आणि करमणूक.

त्याच १९३६ मध्ये फ्रान्समधल्या ‘पॉप्युलर फ्रंट’ सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. ब्रिटनमध्ये तसा कायदा १९३८ साली झाला. एकरकमी सुटीचे मूळ या कायद्यांत आहे, हे सहसा विसरले जाते. ज्याच्या हाती मोजकेच पैसे आहेत, त्यालाच खर्चाचा आकडा आधी ठाऊक असण्याची खरी निकड असते.

३/
युद्ध संपले. १९५० मध्ये जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने ‘क्लब मेदितेरानी’ नावाची संस्था स्थापन केली. कंपनी नव्हे, नफा न कमावणारी संस्था! त्याच उन्हाळ्यात स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया येथे पहिली वसाहत उभी राहिली. राहायला अमेरिकी लष्कराचे उरलेसुरले तंबू. ते पुरवले जिल्बेर त्रिगानो याच्या कुटुंबाच्या तंबूव्यवसायाने. हाच त्रिगानो पुढे क्लबचा प्रमुख झाला.

युद्धकाळाने पिळून निघालेल्या शहरी माणसांना ऊन, समुद्र आणि पोटभर जेवण हवे होते. क्लबने ते दिले. शिवाय आणखी एक गोष्ट दिली, जी फ्रेंच समाजात क्रांतिकारकच होती. तिथे सर्वांनी एकमेकांना ‘तू’ म्हणायचे. अहो-जाहो बंद. वकील आणि टंकलेखिका आठ जणांच्या एकाच मेजावर जेवायला बसत. पोहण्याच्या कपड्यांत कोणाचा हुद्दा ओळखू येत नसे.

४/
ओळख पटवून देणारी एक वस्तू मात्र उरली होती. पैसा. पोहण्याच्या कपड्यांना खिसा नसतो, ही अडचण होतीच. पण बारपाशी कोण किती नोटा काढतो यावरून माणसाची पायरी कळते, ही त्याहून मोठी. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात क्लबने त्यावर मण्यांचा उपाय काढला. एकमेकांत अडकणारे रंगीत मणी आगाऊ विकत घ्यायचे, गळ्यात किंवा पायात घालायचे आणि पेय हवे असेल तेव्हा त्यांतले काही सोडवून द्यायचे. म्हणजे बारवरचे मद्य अजून फुकट नव्हते. जेवणासोबतची वाइन तेवढी रकमेत धरलेली असे.

कल्पना विलोभनीय होती, यात शंका नाही. पण पैसा नाहीसा झालेला नव्हता, केवळ नजरेआड झाला होता. १९६१ मध्ये रोथशिल्ड घराण्याचे भांडवल क्लबमध्ये आले आणि तंबूंच्या संस्थेचा जागतिक व्यवसाय होऊ लागला.

५/
आता जमैका. इथल्या पर्यटनाचा पाया केळ्यांवर उभा आहे! केळी न्यायला येणाऱ्या अमेरिकी बोटींतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रवासी येऊ लागले आणि पोर्ट अँटोनिओ येथे त्यांच्यासाठी हॉटेल निघाले. पुढे १९४९ मध्ये एब इसा याने ओचो रिओसजवळ ‘टॉवर आइल’ हे हॉटेल उघडले. बेथलेहेमहून येऊन किंग्स्टनमध्ये व्यापार थाटलेल्या घराण्यातला हा उद्योजक १९५५ मध्ये जमैकाच्या पर्यटन मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला. टॉवर आइल हेच ते हॉटेल, ज्याचे १९७८ मध्ये ‘कपल्स’ झाले.

६/
मधल्या काळात काय घडले?

१९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला. १९७२ मध्ये मायकेल मॅनली पंतप्रधान झाले. लोकशाही समाजवादाची घोषणा, क्यूबाशी जवळीक, परदेशी बॉक्साइट कंपन्यांवर १९७४ मध्ये बसवलेला कर. त्यात १९७३ नंतर तेलाच्या किमतींचा भडका. परकीय चलन आटले. किंग्स्टनच्या वस्त्यांत दोन पक्षांच्या समर्थकांच्या सशस्त्र टोळ्या एकमेकांवर तुटून पडू लागल्या. १९ जून १९७६ रोजी आणीबाणी जाहीर झाली.

अमेरिकी वृत्तपत्रांतून या बातम्या वाचणारा पर्यटक दुसऱ्या बेटाकडे वळला. बंद पडू पाहणारी अनेक हॉटेले सरकारला ताब्यात घ्यावी लागली. हिंसाचार मुख्यतः राजधानीत होता, उत्तर किनारा तुलनेने शांत होता; पण न्यूयॉर्कमध्ये तिकीट काढणाऱ्याला हा भूगोल कोण समजावणार?

७/
या भीतीवर इसा कुटुंबाने शोधलेला तोडगा म्हणजे एकरकमी सुटी. साठच्या दशकात पोर्ट अँटोनिओजवळच्या ‘फ्रेंचमन्स कोव्ह’मध्ये अतिश्रीमंतांसाठी असा प्रयोग झाला होता. १९७६ मध्ये ‘निग्रिल बीच व्हिलेज’मध्ये क्लबच्या धर्तीवरचा प्रयोग झाला. तिथे पैशाऐवजी वापरायला शार्कचे दातही होते. ‘कपल्स’ने आणखी पुढचे पाऊल टाकले. मणीही नकोत, दातही नकोत; सारे आधीच भरलेले.

जोडप्यालाच का बोलावले? प्रेमाचे वातावरण हे जाहिरातीतले उत्तर. हिशेबातले उत्तर सरळ होते. प्रत्येक खोलीत दोन पैसे भरणारी माणसे. एकटा पाहुणा नाही, निम्म्या दरातली मुले नाहीत. मधुचंद्राला आलेल्या दोघांना तर बाहेरच्या जगाची फारशी गरजही नसते.

आणि बाहेरच्या जगाला दूर ठेवणे हाच या कराराचा गाभा होता. ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याला फाटकाबाहेर जाण्याचे कारण उरत नाही. बटलिनने पाहुण्यांना आत येऊ दिले, कारण बाहेर पाऊस होता. जमैकात पाहुणे आत राहिले, कारण बाहेर जमैका होता.

८/
ऑक्टोबर १९८० ची निवडणूक मॅनली हरले. त्या वर्षीच्या राजकीय हिंसाचारात सुमारे ८०० माणसे मारली गेली. एडवर्ड सियागा सत्तेवर आले. पुढच्याच वर्षी गॉर्डन ‘बुच’ स्टुअर्ट या वातानुकूलन यंत्रे विकणाऱ्या व्यापाऱ्याने माँटेगो बे येथील ‘बे रॉक’ हे मोडकळीस आलेले हॉटेल घेतले, डागडुजी केली आणि ९९ खोल्यांचे ‘सँडल्स’ सुरू केले. हॉटेलधंद्याचा त्याला काडीचाही अनुभव नव्हता. पण पाहुण्याला काय दिले म्हणजे तो मोहरतो, हे त्याला नेमके कळत होते. चाळीस वर्षांत ही साखळी कॅरिबियनभर पसरली.

तिथे जोडपे म्हणजे स्त्री आणि पुरुष असाच अर्थ होता. समलिंगी जोडप्यांना प्रवेश नव्हता. २००३ मध्ये लंडनच्या परिवहन प्राधिकरणाने याच कारणावरून या साखळीच्या जाहिराती नाकारल्या आणि २००४ मध्ये तो नियम रद्द झाला. म्हणजे ‘सारे काही समाविष्ट’ असलेल्या जागी सारे जण समाविष्ट व्हायला २३ वर्षे लागली.

९/
फाटकाबाहेर मात्र हिशेब निराळा होता. टॅक्सीवाला, लाकडी मूर्ती विकणारा, मासे भाजून देणारी बाई, लहान उपाहारगृह, या सर्वांचे गिऱ्हाईक पर्यटकच. तो आता विमानतळावरून बसने येई आणि बसनेच परत जाई. आतल्या नोकरवर्गाला बहुतेक ठिकाणी बक्षिशी घेण्यास मनाई. उलट बाजूही नोंदवली पाहिजे. पर्यटन कोलमडले असताना या रिसॉर्टांनी खोल्या भरलेल्या ठेवल्या, हजारो नोकऱ्या टिकवल्या आणि त्यांचे मालक जमैकनच होते. ‘परकीयांनी लुटले’ असे एका वाक्यात सांगता येईल, असा हा इतिहास नाही.

अमेरिकी राष्ट्रसंघटनेच्या १९९४ च्या अभ्यासाने हा पेच नेमका टिपला. एकरकमी हॉटेलांचे उत्पन्न सर्वाधिक होते. पण मिळालेल्या प्रत्येक डॉलरमागे ती इतर प्रकारच्या हॉटेलांपेक्षा अधिक आयात करीत आणि कमी माणसांना काम देत.

१०/
वाद अखेर वाळूवर येऊन ठेपतो. जमैकाचा किनारा नियंत्रण कायदा १९५६ चा, म्हणजे वसाहतकालीन. त्याने किनारपट्टीची मालकी ब्रिटिश राजसत्तेकडे दिली. स्वातंत्र्यानंतर ती जमैकन शासनाकडे राहिली. सामान्य माणसाला समुद्रात पोहण्याचा किंवा किनाऱ्यावर फिरण्याचा सरसकट हक्क मात्र या कायद्याने दिला नाही. त्यामुळे रिसॉर्टचे कुंपण थेट पाण्यापर्यंत जाऊ शकते.

महाराष्ट्र-गोव्यातल्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, कारण इथली समजूत उलट आहे. तरी तीही न्यायालयात झगडूनच टिकली. गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी वाट एका हॉटेलच्या बांधकामाने अडवली. गावकऱ्यांनी आणि पर्यावरणवाद्यांनी दावे केले. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी नैसर्गिक संपत्ती शासन जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळते, त्यामुळे लोकांची वाट बंद करता येणार नाही. त्यानंतर गोवा सरकारने कायद्यातच दुरुस्ती करून त्या बांधकामाला संरक्षण दिले, हा पुढचा भाग.

जमैकातल्या आंदोलकांच्या हाती असा निकाल नाही. त्यांचा आधार आहे १८८२ चा एक जुना कायदा. एखादा किनारा लोकांनी वीस वर्षे अखंड आणि उघडपणे, कोणाची परवानगी न मागता वापरला असेल, तर तो वापर हक्क ठरू शकतो. त्याच्या बळावर गेली काही वर्षे तिथल्या न्यायालयांत खटले चालू आहेत. त्यांतला एक किनारा बॉब मार्लीच्या नावाने ओळखला जातो.