ट्रकच्या पोटातलं तेलसंकट

एपिसोडमध्ये आपण १९७३ चं तेलसंकट पेट्रोल पंपावरच्या रांगांमधून पाहिलं. ते ट्रकखाली शिरूनही दिसतं.

सत्तरच्या दशकातला शेवरोलेचा फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप घ्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तळाचं पॅन चौकोनी आणि एकच कोपरा छाटलेला असेल तर तो टर्बो-हायड्रामॅटिक ३५०. आकार वेडावाकडा असेल तर ४००. त्याच्यामागे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा. लिव्हरपाशी ‘लॉक’ लिहिलेलं दिसलं तर न्यू प्रोसेस २०३: आत साखळी, चारही चाकं कायम चालती. २०५ मध्ये साखळी नाही, नुसते गिअर. तेल बदलताना हे कळायलाच हवं, कारण २०३ ला इंजिन ऑइल लागतं, २०५ ला गिअर ऑइल.

२०३ आली १९७३ च्या मॉडेलमध्ये. ड्रायव्हरला काही करायलाच नको! विकायला छान. आणि त्याच ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. कोरड्या रस्त्यावरही पुढचा शाफ्ट फिरणार, पेट्रोल जाळणार. मग लोकांनी किट आणून २०३ गरजेपुरती केली, पुढच्या चाकांना लॉकिंग हब बसवले. म्हणून आज लिव्हरवरच्या अक्षरांवर विसंबू नका, हब बघा. १९८१ च्या मॉडेलमध्ये शेवरोलेनंच अॅल्युमिनियमची २०८ आणली, गरजेपुरतीच चालणारी.

न्यू प्रोसेसचा न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजजवळचा कारखाना २०१२ मध्ये बंद झाला. ट्रक अजून चालतायत.