मिऱ्याचं पाणी आणि आठ साक्षीदार

१६७३ साली डेल्फ्टच्या रेनिए द ग्राफ या डॉक्टरने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून गावातल्या एका कापड-व्यापाऱ्याची ओळख करून दिली. हा अँटनी व्हॅन लेव्हेनहुक स्वतः भिंगं घडवायचा. त्याला लॅटिन येत नव्हतं. त्यामुळे तो डचमध्ये लिही आणि सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग त्यातलं निवडक इंग्रजीत छापे.

ऑक्टोबर १६७६च्या पत्रात त्याने कळवलं, की मिरी तिखट का लागते हे शोधायला ती पाण्यात भिजत घातली, तर त्या पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. लंडनकरांना ते सुरुवातीला दिसेनात. लेव्हेनहुक आपली खास पद्धत सांगायला तयार नव्हता. त्याऐवजी त्याने आठ प्रतिष्ठितांच्या लेखी साक्षी पाठवल्या. त्यांत पाद्रीही होते.

'माझ्या मशीनवर चालतंय' हे आम्हा प्रोग्रामर मंडळींचं लाडकं वाक्य. त्यावर पाद्र्याची सही आणली तरी कुणी ऐकणार नाही. पण त्या काळी प्रतिष्ठिताचा शब्द हा पुरावाच होता. तरीही सोसायटी तेवढ्यावर थांबली नाही. रॉबर्ट हूकने स्वतः मिरी भिजवली आणि नोव्हेंबर १६७७मध्ये सभासदांनी ते जीव डोळ्यांनी पाहिले. १६८०मध्ये कापड-व्यापारी सोसायटीचा फेलो झाला.

१७२३मध्ये मृत्यू येईपर्यंत तो पत्रं लिहीत राहिला. ती खास पद्धत मात्र त्याने कधीच उघड केली नाही.